तिसऱ्या खणातली चूक

पडद्यावर फरश्यांचं लहानसं अंगण, त्यात एक यंत्रमानव आणि बाजूला बारा रिकामे खण. आठ-नऊ वर्षांचं मूल एकेक चिन्ह उचलून खणात टाकतं: पुढे, पुढे, डावीकडे वळ, पुढे, दिवा लाव. मग रनचं बटण दाबतं आणि मागे सरकून बसतं. यंत्रमानव दोन फरश्या ऐटीत चालतो, वळतो आणि कडेला तोंड करून तिथेच अडकतो. वळायला हवं होतं उजवीकडे. मुलाची नजर अजून यंत्रमानवावर खिळलेली असते, कपाळाला नुकती आठी पडायला लागलेली असते, आणि तेवढ्यात शेजारच्या मोठ्या माणसाचं बोट पडद्यावर येतं. “अरे, इथे राइट पाहिजे ना!” तिसऱ्या खणातलं चिन्ह बदलतं, पुन्हा रन, निळी फरशी उजळते, पुढची पातळी उघडते. सगळे खूश. ज्या घरांत मुलांना असे खेळ हौसेनं आणून दिले जातात, त्या घरांत हे हमखास घडतं, आणि मायेपोटीच घडतं. म्हणूनच ते जास्त सलतं.

कारण त्या खेळाला जे काही शिकवायचं होतं, ते त्या आठीपाशीच होतं.

प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या कोड्यांबद्दल बोलताना आपण ‘लूप’ (तेच पुन्हा पुन्हा करणं), ‘कंडिशन’ (अट), ‘फंक्शन’ (नाव दिलेला आज्ञांचा तुकडा) अशी यादी करतो. खेळाच्या जाहिरातीतही तीच यादी असते. पण चिन्हं ओळखायला मुलाला पाच मिनिटं पुरतात. वेळ लागतो तो एका वेगळ्याच कामाला: माझ्या मनात काय होतं आणि यंत्रानं काय केलं, हे दोन्ही शेजारी ठेवून त्यांची फारकत पहिल्यांदा कुठे झाली ते शोधणं. पहिल्यांदा कुठे, हे महत्त्वाचं. यंत्रमानव अडकला चौथ्या खणाशी, पण चूक तिसऱ्या खणात. जिथे गाडी बंद पडली तिथेच बिघाड असेल असं मानायची सवय मोठ्यांनाही असते, आणि पगारी प्रोग्रामर दिवसाचा मोठा वाटा हीच सवय मोडण्यात घालवतात. चांगला कोडे-खेळ हा शोध मुलाच्या आवाक्यात आणून ठेवतो. यंत्रमानव मुद्दाम सावकाश चालतो, चालू असलेला खण उजळतो, वेग कमी करता येतो, काही खेळांत एकेक पाऊल मागेही जाता येतं. ही सगळी सोय चुकीकडे बघायला मिळावं म्हणून असते.

डाव्या-उजव्याचा हा घोळ नेहमीचाच. यंत्रमानवाचं तोंड आपल्याकडे असलं की त्याचा डावा हात आपल्या उजव्या बाजूला येतो. तिरक्या कोनातून दाखवलेल्या अंगणात तर मोठी माणसंही चुकतात. यावर एकच उपाय लागू पडतो. खुर्चीतून उठायचं, यंत्रमानव जिकडे बघतोय तिकडे तोंड करून उभं राहायचं आणि स्वतः वळून बघायचं. सेमूर पेपर्ट या गणितज्ञानं याच गोष्टीवर सगळा डाव मांडला होता. १९६७ साली अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये त्यानं वॉली फॉयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासोबत लोगो ही मुलांसाठीची भाषा तयार केली. थोड्याच वर्षांत तिच्यात कासव आलं: आधी जमिनीवर चालणारं खरंखुरं यंत्र, मग पडद्यावरचा त्रिकोणी ठिपका. आपल्याकडच्या कित्येक शाळांत चौथी-पाचवीच्या कॉम्प्युटरच्या पुस्तकात ते कासव अजून आहे, पण बहुतेक ठिकाणी आज्ञांचं पाठांतर करून घेतलं जातं आणि कासवासारखं चालून बघायचा भाग राहून जातो.

त्या कासवाची एक चूक मला या सगळ्या खेळांचा गाभा वाटते. चौकोन सगळ्यांना जमतो: चार वेळा, १०० पुढे आणि ९० अंश उजवीकडे. आता समभुज त्रिकोण काढ म्हटलं, की भूमिती नुकतीच शिकलेलं मूल लिहितं: तीन वेळा, १०० पुढे आणि ६० अंश उजवीकडे. का नाही लिहिणार? त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे वहीत चौकट करून लिहिलेलं असतं. कासव मात्र तीन बाजू काढून थांबतं, आणि पडद्यावर असतो अर्धा षटकोन. आकृती बंदच होत नाही. पुस्तकातला ६० हा आतला कोन आणि कासव वळतं बाहेरच्या कोनातून, म्हणजे १८० वजा ६०. हे सांगून टाकलं तर एक वाक्य होतं, आणि वाक्यं विसरली जातात. उठून तीन पावलं टाकून वळून बघितलं, की त्रिकोणाच्या टोकाशी आपण जवळजवळ मागे फिरतो हे अंगाला कळतं. पूर्ण फेरी मारून मूळ दिशेला तोंड आलं की एकूण ३६० झाले, त्याचे तीन भाग १२०, पाच भाग ७२. मग पंचकोनासाठी कुणाला विचारावं लागत नाही. आणि तो चुकून निघालेला अर्धा षटकोनही वाया जात नाही. तीनाच्या जागी सहा घातले की तो पुरा होतो, हे मुलांच्या आपसूक लक्षात येतं.

सुरुवातीचं ते अंगण लाइटबॉट या खेळातलं. डॅनी यारोस्लाव्हस्कीनं २००८ मध्ये तो फ्लॅश या ब्राउझरमधल्या तंत्रावर केला, पुढे त्याची फोनवरची आवृत्तीही आली. पुढे, डावीकडे, उजवीकडे, उडी, दिवा एवढीच चिन्हं. उडी वर मारायची तर एकच पायरी. खेळाचं खरं डोकं आहे ते खणांच्या संख्येत. मुख्य चौकटीत १२ खण, आणि काही पातळ्यांनंतर अंगण असं पसरतं की पावलं वीस-पंचवीस होतात. तेव्हा खाली एक नवी चौकट उघडते, आठ खणांची. त्यात चिन्हं मांडायची आणि मुख्य चौकटीत त्या सगळ्यांच्या नावानं एकच चिन्ह ठेवायचं. हेच फंक्शन. पण इथे एक गोष्ट बारकाईनं बघण्यासारखी आहे. पुन्हा पुन्हा येणारा तुकडा मुलांना लगेच दिसतो, तो कुठून तोडायचा हे दिसत नाही. समजा जिना आहे: उडी, दिवा, उडी, दिवा, मग वळण, आणि पुन्हा तसंच. वळण तुकड्याच्या शेवटी घ्यायचं की सुरुवातीला? शेवटी घेतलं तर शेवटच्या जिन्यानंतर एक फुकटचं वळण होतं, त्यानं काही बिघडत नाही. सुरुवातीला घेतलं तर पहिल्याच जिन्याला यंत्रमानव भलतीकडे बघत उभा. एकाच तुकड्याच्या दोन तोडी, एक चालते आणि एक नाही. तुकडा संपताना यंत्रमानवाचं तोंड नेमकं तिकडेच हवं, जिथून पुढचा तुकडा सुरू होतो. कामाच्या प्रोग्राममध्ये फंक्शन लिहिताना हीच काळजी घ्यावी लागते: सुरू होताना काय गृहीत धरलंय आणि संपताना काय शिल्लक ठेवलंय.

खण कमी असणं हीच इथली शिकवण. जागा अमर्याद दिली तर कुठलंही शहाणं मूल पंचवीस चिन्हं ओळीनं मांडून मोकळं होईल, आणि त्याचं बरोबरच आहे. गूगलनं काढलेल्या ब्लॉकली खेळांतल्या चक्रव्यूहात तिसऱ्या पातळीवर एक सरळ रस्ता आहे आणि वापरायला फक्त २ ठोकळे. ‘पुढे जा’ दोनदा लावून रस्ता संपत नाही. ‘पोचेपर्यंत करत राहा’ हा ठोकळा घ्यावाच लागतो, आणि त्याच्या पोटात ‘पुढे जा’. दोन ठोकळ्यांत लूप शिकवून झाला. मला तरी याहून नेटकं कोडं माहीत नाही.

त्याच चक्रव्यूहाच्या शेवटच्या, दहाव्या पातळीवर बरीच मुलं आणि तितकीच मोठी माणसं अडकतात, कारण तिथे रस्ता पाठ करून चालत नाही, नियम लागतो. भिंतीला डावा हात लावून चालत राहायचं, असा तो नियम. ठोकळ्यांत तो असा बसतो: पोचेपर्यंत करत राहा, डावीकडे वाट असेल तर डावीकडे वळ, मग समोर वाट असेल तर पुढे जा, नसेल तर उजवीकडे वळ. सहा ठोकळे. गंमत क्रमात आहे. बहुतेकजण आधी ‘समोर वाट आहे का’ विचारतात, कारण चालताना आपण समोर बघतो, आणि डावी-उजवी फक्त समोर अडलं की. असं केलं की माणूस डावीकडचे सगळे फाटे ओलांडून सरळ निघून जातो आणि दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घालत बसतो. ठोकळे तेच, संख्या जवळपास तीच, फक्त कुठला प्रश्न आधी विचारला एवढा फरक. इथे रन दाबून निदान तीन येरझाऱ्या होईपर्यंत थांबायला हवं. पहिल्या फेरीत ‘अरे, चुकला’ एवढंच कळतं. ‘हा दरवेळी हाच फाटा सोडतोय’ हे कळायला तिसरी फेरी लागते. (हाताचा नियम सगळ्या चक्रव्यूहांना लागू पडत नाही. मुक्काम मधल्या एखाद्या सुट्या भिंतीच्या बेटाजवळ असेल, तर बाहेरच्या भिंतीचा हात धरून जन्मभर फिरलं तरी तिथे पोचता येत नाही. थोड्या मोठ्या मुलांना असा चक्रव्यूह कागदावर काढायला सांगावं.)

मोठ्यांसाठी म्हणून कुणी विचारलं, तर मी आधी ह्यूमन रिसोर्स मशीनचं नाव घेईन. टुमॉरो कॉर्पोरेशननं २०१५ मध्ये काढलेला हा खेळ एका ऑफिसात घडतो. डावीकडून सरकत्या पट्ट्यावर आकड्यांचे खोके येतात, उजवीकडच्या पट्ट्यावर ठेवायचे असतात, मधल्या जमिनीवर खोका ठेवायला काही जागा आखलेल्या असतात आणि तुमच्या माणसाच्या हातात एका वेळी एकच खोका मावतो. एकूण आज्ञा अकरा. ज्यांनी आयुष्यात कधी कोड लिहिलेला नाही त्यांनाही हे ऑफिस लगेच समजतं, आणि खेळता खेळता ते असेंब्ली भाषेच्या, म्हणजे थेट यंत्राशी बोलणाऱ्या भाषेच्या अगदी जवळ जाऊन पोचतात, कारण हात म्हणजे रजिस्टर (प्रोसेसरचा एका आकड्याचा कप्पा) आणि जमीन म्हणजे मेमरी.

चौथ्या पातळीवर काम येतं: दोन-दोन खोके घ्या आणि उलट्या क्रमानं बाहेर पाठवा. ऐकायला किरकोळ. पहिला प्रयत्न जवळजवळ नेहमी असा: इनबॉक्स, इनबॉक्स, आउटबॉक्स, आउटबॉक्स. म्हणजे दोन घ्या, दोन ठेवा. रन दाबलं की माणूस पहिला खोका उचलतो, दुसरा उचलतो आणि पहिला गेला. कुठे गेला? हात एकच, दुसरा घेताना पहिला टाकून दिला. मग दुसरा बाहेर ठेवला की हात रिकामा, आणि पुन्हा आउटबॉक्स म्हटल्यावर साहेब ओरडतो. कारण साधंच आहे. आपण मनात दोन हात धरले होते. बरोबर उत्तर सात आज्ञांचं: इनबॉक्स, जमिनीवर कॉपी, इनबॉक्स, आउटबॉक्स, जमिनीवरून कॉपी, आउटबॉक्स, आणि पुन्हा वर उडी. यात अजून एक खाच दडलेली आहे. जमिनीवर कॉपी केलं तरी मूळ खोका हातात राहतोच, पण आउटबॉक्सनंतर हात रिकामा होतो. एक आज्ञा प्रत ठेवते, दुसरी वस्तूच देऊन टाकते. पुढच्या कितीतरी पातळ्यांवरचे गोंधळ या एका फरकाकडे बोट दाखवतात, आणि खेळातल्या एकेक पाऊल चालवायच्या बटणानं तो चार सेकंदांत दिसतो.

थोडं पुढे गेलं की आकड्याची आठपट करायची पातळी येते, आणि हातात गुणाकार नाही, फक्त बेरीज. आकडा जमिनीवर ठेवून तो सात वेळा मिळवला तरी उत्तर येतं. पण दुप्पट करून ती दुप्पट जमिनीवर ठेवली, तिचीच दुप्पट केली आणि पुन्हा एकदा तेच केलं, तर तीन बेरजांत काम होतं, आणि सगळा प्रोग्राम नऊ आज्ञांत बसतो. त्यानंतर चाळीसपट. इथे कागद घ्यावा. चाळीस म्हणजे पाच गुणिले आठ. आधी दुप्पट, मग चौपट, त्यात मूळ आकडा मिळवून पाचपट, मग तीन वेळा दुप्पट. पण मूळ आकडा पाचपटीपर्यंत जपून ठेवायचा तर तो एका जागेवर आणि चालू दुप्पट दुसऱ्या जागेवर हवी. एकाच जागेवर दोन्ही लिहिलं की मूळ आकडा पुसला जातो आणि पाचपटीऐवजी सहापट हाती येते. दोन जागा वापरल्या की चौदा आज्ञांत जमतं. उत्तर चुकलं की किती चुकलं तेही बघावं. सहापट आली यावरूनच कुठल्या पायरीला काय पुसलं गेलं त्याचा माग लागतो. चुकलेल्या उत्तरातही इतकी माहिती असते, आणि आपण ते ‘चूक’ म्हणून फुली मारून बाजूला सारतो.

मोठी माणसं या खेळांत अडतात ती निराळ्या कारणानं. मुलं बेधडक रन दाबतात. मोठे दाबतच नाहीत. आधी डोक्यात पूर्ण उत्तर जमवायचं, दहादा तपासायचं आणि मग एकदाच चालवायचं, अशी त्यांची बैठक असते. परीक्षेच्या पेपरात खाडाखोड नको, ही शिस्त इतकी वर्षं अंगात मुरलेली की लाल खूण दिसणं म्हणजे नाचक्की वाटते. त्यांना एवढंच सांगावं की तीन आज्ञा लिहा आणि चालवा. अर्धवट प्रोग्राम चालवायला पैसे पडत नाहीत. पहिला खोका नीट बाहेर पडला का ते बघा आणि मग चौथी लिहा. निवृत्त माणसांना हे पटायला वेळ लागतो, पण एकदा पटलं की ते मुलांपेक्षा चिवटपणे बसतात.

आता चांदण्यांविषयी. पातळी सुटली की तीन चांदण्या, कमी ठोकळ्यांत सुटली तरच तिसरी, अशी पद्धत मुलांच्या बऱ्याच ॲपमध्ये आहे. मला ती मनापासून नकोशी वाटते. चांदणी सांगते की तू किती चांगला, आणि मूल प्रोग्राम सोडून चांदणीकडे बघायला लागतं. दोन चांदण्या मिळाल्या की ‘सूचना’चं बटण, सूचना म्हणजे उत्तराचा पहिला तुकडा, तो लावला की तिसरी चांदणी. ह्यूमन रिसोर्स मशीनमध्येही आज्ञांची संख्या आणि वेग अशी दोन जादा आव्हानं आहेत, पण ती एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. आखूड प्रोग्राम सहसा हळू चालतो, वेगवान प्रोग्राम लांबलचक होतो, आणि बऱ्याच पातळ्यांवर दोन्ही साधायला दोन वेगळे प्रोग्राम लिहावे लागतात. हा खरा धडा आहे, कारण ‘सर्वात चांगलं उत्तर’ अशी एकच गोष्ट नसते हे त्यात दिसतं. झॅकट्रॉनिक्सचे खेळ, म्हणजे स्पेसकेम, टिस-१००, शेनझेन आय/ओ, ओपस मॅग्नम, याच्याही पुढे जातात. तिथे गुणच नाहीत. कोडं सुटल्यावर तीन आलेख येतात, इतर खेळाडूंची उत्तरं कुठे पडली आणि तुमचं कुठे पडलं ते दाखवणारे. ते बघितल्यावर आपल्यापेक्षा निम्म्या वेळात हे कुणी कसं केलं असेल, हा विचार जेवतानाही पिच्छा सोडत नाही.

टिस-१०० मात्र नवख्याला पहिलाच म्हणून देऊ नये. २०१५ चा हा खेळ म्हणजे एक काल्पनिक जुनं कॉम्प्युटर, त्यात १२ छोटे कप्पे, प्रत्येक कप्प्यात जास्तीत जास्त १५ ओळी. सगळे कप्पे एकाच वेळी चालतात आणि शेजाऱ्याला आकडे देतात-घेतात. घेणारा तयार होईपर्यंत देणारा थांबून राहतो. इथली ठरलेली फजिती अशी: डावा कप्पा उजव्याला आकडा द्यायला उभा, उजवा डाव्याला द्यायला उभा, दोघंही देणारे आणि घेणारा कुणीच नाही. सगळं ठप्प. कुठेही लाल खूण येत नाही, कारण नियमाप्रमाणे कुणाचंच चुकलेलं नाही. अशा वेळी प्रत्येक कप्प्याच्या कडेला लिहिलेली अवस्था वाचायची. शेजारशेजारचे दोन कप्पे ‘राइट’ (उजवं नव्हे, लिहिणं, म्हणजे आकडा देणं) अवस्थेत गोठलेले दिसले की निदान झालं. बँकेच्या आणि रेल्वे बुकिंगच्या प्रणाली लिहिणारे ज्या डेडलॉकला वचकून असतात, तो हाच.

फंक्शन स्वतःलाच बोलावतं हे शिकवायला मी लोगो किंवा लाइटबॉटपेक्षा रोबोझल पुढे करीन. इगोर ऑस्ट्रोव्हस्कीनं २००९ मध्ये वेबवर आणलेला हा खेळ दिसायला रूक्ष आहे. लाल, हिरव्या, निळ्या फरश्या, एक बाण आणि मोजके खण. प्रत्येक आज्ञेला रंग देता येतो, म्हणजे बाण त्या रंगाच्या फरशीवर असेल तरच ती पाळली जाते. आता असं समजा की निळ्या फरश्यांची लांब पट्टी आहे, टोकाला एक लाल, आणि बाणाला लाल फरशीपर्यंत जाऊन, वळून, निघाला होता बरोबर त्याच जागी परत यायचंय. पट्टी किती लांब ते सांगितलेलं नाही आणि मोजायला आकडाही नाही. पाच खणांत हे होतं: पुढे, निळ्यावर असशील तर स्वतःलाच बोलाव, लालवर असशील तर डावीकडे, लालवर असशील तर पुन्हा डावीकडे, पुढे. कागदावर दोन निळ्या आणि एक लाल फरशी काढून, बटण ठेवून हाताने चालवून बघा. जाताना प्रत्येक पावलाला एक काम अर्धवट सोडलं जातं, त्यातलं शेवटचं ‘पुढे’ शिल्लक राहतं. लालवर पोचून वळलं की ही शिल्लक कामं एकेक करून पुरी होतात, म्हणजे गेले तितकीच पावलं परत. अर्धवट राहिलेली कामं हीच मोजदाद! रिकर्शनवर, म्हणजे या स्वतःलाच बोलावण्यावर, पानंच्या पानं वाचून जे डोक्यात शिरत नाही, ते इथे बटण सरकवताना शिरतं, पण एका अटीवर. प्रत्येक अर्धवट कामासाठी चिठ्ठी लिहून एकावर एक ठेवायची, आणि परतताना वरची चिठ्ठी आधी उचलायची. चिठ्ठ्या न ठेवता तोंडानं चालवायला गेलं की तिसऱ्या पावलाला सगळे हरवतात.

पडदा नको असेल तर हाच विषय हनोईच्या मनोऱ्यात आहे. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञानं १८८३ मध्ये तो खेळण्याच्या रूपात आणला. लाकडी संच मिळाला नाही तर लहान-मोठे चार स्टीलचे डबे आणि जमिनीवर खडूची तीन वर्तुळं पुरतात. एका वेळी एकच डबा उचलायचा, लहानावर मोठा ठेवायचा नाही, सगळी उतरंड तिसऱ्या वर्तुळात न्यायची. तीन डब्यांना ७ हालचाली, चारांना १५, पाचांना ३१. दर डब्याला दुप्पट आणि वर एक. तीनाचं जमलं की मूल चाराला त्याच जोमानं सुरू करतं आणि सगळी उतरंड भलत्याच वर्तुळात उभी राहते. कारण डबे विषम असतील तर पहिला डबा मुक्कामाच्या वर्तुळात जातो, सम असतील तर मधल्या. हा नियम सांगू नये. त्याऐवजी एकच प्रश्न विचारावा: सगळ्यात मोठा डबा हलेल त्या क्षणी बाकीचे कुठे असायला हवेत? मधल्या वर्तुळात, सगळे, उतरंड रचून. म्हणजे चाराचं कोडं सोडवायला आधी तीनाचं कोडं सोडवायचं, फक्त मुक्काम बदलून. मग तीनासाठी दोनाचं. ६४ चकत्या असत्या आणि सेकंदाला एक हलवली असती, तर सुमारे ५८,५०० कोटी वर्षं लागली असती. हा आकडा ऐकून मुलं आधी हसतात आणि मग दुपटीचा हिशेब स्वतः करून बघायला बसतात.

अगदी लहानांसाठी, चार-पाच वर्षांच्या, रोबॉट टर्टल्स नावाचा पटावरचा खेळ आहे. डॅन शापिरोनं २०१३ मध्ये किकस्टार्टरवर मांडला आणि लोकांनी ६ लाख डॉलरहून जास्त पैसे उभे करून दिले. त्यातली कल्पना फार मोलाची आहे: मूल प्रोग्रामर, मोठा माणूस यंत्र. मूल पत्ते मांडतं, मोठा माणूस कासव हलवतो, आणि पत्त्यावर आहे तेवढंच करतो. हे घरी विनाखर्च होतं. फरशीवर खडूनं पाच बाय पाचचा चौकोन, दोन-तीन घरांत उशा म्हणजे भिंती, एका घरात खाऊ. जाड कागदाचे पत्ते: ‘पुढे’चे वीस, ‘डावीकडे वळ’ आणि ‘उजवीकडे वळ’ प्रत्येकी सहा. वळायच्या पत्त्यावर आडवा सरळ बाण काढू नये, वाकडा, गोल फिरणारा काढावा. सरळ बाण बघून मूल समजतं की डावीकडच्या घरात सरकायचं, आणि इथे तर जागच्या जागी फक्त तोंड फिरवायचंय. सगळ्या चुकांत ही पहिल्या नंबरची. सुरुवातीला एक पत्ता, एक हालचाल. मग तीन पत्ते एकदम. मग अख्खा रस्ता आधी मांडून, नंतर चालणं. मध्येच मूल ‘बग!’ (म्हणजे प्रोग्राममधली चूक) असं ओरडलं की यंत्रानं थांबायचं, शेवटचा पत्ता मागे घ्यायचा, मुलाला बदलू द्यायचा. यंत्र झालेल्या आजोबांना सगळ्यात जड जातं ते उशीवर जाऊन धडकणं. समोर उशी दिसत असते, नातवाची चूक दिसत असते, पाय आपोआप वळतो. तो वळू द्यायचा नाही. यंत्रानं समजून घेतलं की मुलाला वाटतं, यंत्रं समजून घेतात.

आणि एवढं सगळं खेळून झालं, तरी प्रोग्रामिंग आलं असं म्हणता येत नाही, हेही खरं. या खेळांत टायपिंगची चूक होऊच शकत नाही, ठोकळे आधीच ठरलेले असतात, आणि कोड्याला उत्तर आहे हे आधीपासून माहीत असतं. कोऱ्या पानावर यातलं काहीच नसतं. २०२० च्या शैक्षणिक धोरणात मधल्या टप्प्यापासून, म्हणजे साधारण सहावीपासून कोडिंग आलंय. त्याच सुमाराला सहा वर्षांच्या मुलांना भावी उद्योजक करून दाखवणाऱ्या जाहिरातींचा पूर आला होता. त्या घाईत कोड्यावरून थेट ‘ॲप बनवा’वर उडी मारायला लावली गेली. मधली पायरी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतच ठेवलेली आहे. पायथन उतरवून घेतलं की टर्टल नावाचा भाग सोबत येतो, लोगोचंच कासव, जोडीला आयडल नावाचा साधा संपादक. नवी फाइल उघडायची, पहिल्या ओळीत टर्टलमधलं सगळं मागवायचं, खाली १०० पुढे, ९० डावीकडे. दोन ठेचा इथे ठरलेल्या. फाइलला ‘टर्टल’ हेच नाव दिलं की पायथन खरं टर्टल सोडून आपलीच फाइल उघडतं आणि अनाकलनीय चूक दाखवतं. नाव काहीही द्या, ते सोडून. आणि काही संपादकांत चित्र काढून झाल्याबरोबर खिडकी मिटते. शेवटच्या ओळीत ‘डन’ची आज्ञा लिहिली की ती उघडी राहते.

पायथनमध्ये फंक्शनला देवनागरीत नाव देता येतं, हे फार थोड्या शाळांत सांगितलं जातं. ‘चौकोन’ नावाचं फंक्शन, त्याला ‘बाजू’ नावाची किंमत, दोन्ही बिनबोभाट चालतात. फक्त आज्ञांमधले आकडे इंग्रजी हवेत; देवनागरी १०० लिहिलं की पायथन अडतं. चौकोन लिहून झाला, त्रिकोण लिहून झाला (१२० अंश, आता माहीत आहे), की मुलाला घर काढायला सांगावं. पहिल्यांदा छप्पर हमखास घराच्या आत पडतं. चौकोन काढून कासव खालच्या डाव्या कोपऱ्यात, उजवीकडे तोंड करून परत आलेलं असतं आणि त्रिकोण तिथूनच सुरू होतो. दोन्ही फंक्शनं बरोबर, घर मात्र चुकीचं. चूक दोघांच्या मधल्या जागेत आहे: डावीकडे ९०, पुढे बाजूएवढं, उजवीकडे ९०, आणि मग त्रिकोण. जिन्याच्या तुकड्यात यंत्रमानवाचं तोंड बघावं लागलं होतं, इथे तोंडाबरोबर जागाही बघावी लागते. छप्पर जागेवर बसलं की मुलं दार मागतात. दारासाठी पेन उचलून सरकायचं असतं, आणि सरकून झाल्यावर ते पुन्हा टेकवायचं राहून जातं. मग कासव इमानेइतबारे फिरतं आणि पानावर काहीच उमटत नाही. ‘काहीच दिसत नाही’ अशी तक्रार आली, की आधी तीच एक ओळ शोधायला सांगावी.